हाडाले काम पायजे

बाबा पुलावरून पडले त्या वेळी मी अमरावतीच्या कॉलेजात बेडूक फाडत होते. पोट उघडून, चामडी चारी बाजूंनी टाचण्यांनी ताणून मी त्याचं काळीज शोधत होते. तेवढ्यात शिपाई दारात आला आणि म्हणाला, "बडनेऱ्याची पोरगी कोण? तुमच्या क्वार्टरमधला माणूस आला हाय." मी हात तसेच फडक्याला पुसले आणि बाहेर पडले. बेडूक टेबलावर तसाच राहिला.

बाबा रेल्वेत पुलांच्या गँगमध्ये होते. बडनेऱ्यापासून अकोल्याच्या पुढंपर्यंत लाइनीवर जेवढे लोखंडी पूल, त्यांची देखभाल या गँगकडे. छोटा हातोडा घेऊन गर्डर जोडणाऱ्या जाड खिळ्यांवर, एकेका रिबिटीवर टकटक करायचं, आवाजावरून ढिली कोणती ते ओळखायचं, ती काढून नवी ठोकायची, गर्डर खरवडायचे, रंगवायचे. त्या दिवशी मूर्तिजापूरच्या पुढं एका नाल्यावर काम चाललं होतं. गर्डराखाली दोरांनी फळी बांधली होती. फळीचं एक टोक सुटलं आणि बाबा दोन पुरुष उंचीवरून खाली कोरड्या नाल्यात पडले. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला, नळीची दोन्ही हाडं. एका मालगाडीला थांबवून गँगनं त्यांना अकोल्याला नेलं आणि तिथल्या दवाखान्यात पायाला मांडीपर्यंत प्लास्टर चढलं.

चार महिने ते प्लास्टर होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आम्हाला चार वर्षं झाली होती. शेजारची एक म्हातारी मायला म्हणाली, "देवीले बोल काही, पाय सुदा होईन." माय भाकरी थापत राहिली. पूर्वीची माय असती तर त्याच दिवशी नवस बोलून मोकळी झाली असती. खाटेवरून बाबाच म्हणाले, "नवस-बिवस आता सोडलं ना आपण, बाई. डाक्टर हाय, तो पाहीन." त्या म्हातारीनं पुन्हा विषय काढला नाही. मात्र रोज वाटीभर दूध आणून देऊ लागली.

प्लास्टर काढायच्या दिवशी मीही अकोल्याला गेले होते. डॉक्टर पन्नाशीचे, बारीक, बोलणं तुटक. कात्रीनं प्लास्टर उभं कापत गेले आणि आतून जो पाय निघाला तो बाबांचा वाटेना. पऱ्हाटीच्या, कपाशीच्या काडीसारखा सुकलेला, कातडी पांढरी, खवले खवले. पोटरी नव्हतीच. बाबांनी एकदा पाहिलं आणि मान भिंतीकडे फिरवली.

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. "जोड आला आहे. नरम आहे, पण आला आहे. आता कुबड्या घ्या आणि हळूहळू या पायावर भार द्यायला लागा. नुसतं बसून राहिलात तर जोड घट्ट होणार नाही."

"मोडन ना डाक्टरसायेब."

"हळूहळू द्याल तर नाही मोडणार. हाडाला काम पाहिजे."

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बाबांनी खाटेला धरून पाय टेकवला. कळ अशी आली की ते खाली बसले, कपाळावर घाम. मायनं त्यांना उचलून खाटेवर ठेवलं आणि पायाखाली दोन गोधड्या घातल्या. त्यात रूळ बदलणारा एक म्हातारा पॉइंट्समन भेटायला आला आणि त्यानं त्याच्या साडूची गोष्ट सांगितली. साडूनं घाई केली, पाय टेकवला, हाड पुन्हा मोडलं, शेवटी गुडघ्याखालून कापावा लागला. खरं-खोटं त्यालाच ठाऊक. पण त्या दिवसापासून बाबांचा पाय गोधडीवरून खाली उतरला नाही.

जो माणूस नदीच्या वर गर्डरावर बूट न घालता चालायचा, तो खाटेवरून मोरीपर्यंत दोन कुबड्या आणि मायचा खांदा घेऊन जायला लागला. उजवा पाय हवेत, काचेचा असल्यासारखा. दीड महिना असा गेला. मग ऑफिसातून कागद आला. अडीच महिन्यांनी डॉक्टरी तपासणी होईल, पुलावर चढण्याजोगे नसाल तर प्लॅटफॉर्मवर पाणी पाजायच्या कामावर नेमणूक होईल. कागद मी वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "पाणी पाजणंही काही वाईट काम नाई." इतकंच. दुपारी ते जेवले नाहीत.

त्याच आठवड्यात कॉलेजात आमचा हाडांचा धडा सुरू झाला. शिकवणारे सर पुण्याकडचे. वर्गात आम्ही दोनच मुली, आणि आमच्या रेल्वेच्या चाळीतून कॉलेजात गेलेली तर मी पहिलीच. सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली हाडाचा घासून पातळ केलेला काप लावला. मी डोळा लावला. एकाभोवती एक अशी वर्तुळं आणि त्यांच्यात काळे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला बारीक बारीक पाय फुटलेले. मुंग्यांची वारुळं वरून पाहावीत तसं काहीतरी.

"ते ठिपके म्हणजे पेशींची घरं," सर म्हणाले. "हाड जिवंत असताना त्या प्रत्येक खोलीत एक पेशी राहते. हाड म्हणजे दगड नव्हे. ते सतत मोडलं जातं आणि सतत बांधलं जातं."

तास संपला, सगळे गेले. मी थांबले. सरांशी आपण होऊन बोलायची माझी ती पहिलीच वेळ. बोली सुटू नये म्हणून मी आधी मनात वाक्य जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं ते असंच निघालं. "सर, मोडलेल्या हाडावर वजन देलं तर ते मोडते का बांधल्या जाते?"

सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कोणाचं हाड?"

मी सगळं सांगितलं. सरांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं आणि एक चित्र उघडलं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक, उभं चिरलेलं. आत भरीव हाड नव्हतंच. बारीक बारीक हाडाच्या काड्या होत्या आणि त्या कमानीसारख्या वळत, एकमेकींना छेदत गेल्या होत्या.

"या काड्या कुठं आहेत पाहा. जिथून दाब जातो तिथं. जिथं ताण पडतो तिथं. जिथं कसलाच भार नाही तिथं पोकळी. भार बदलला की काड्याही बदलतात. माणूस नुसता पडून राहिला की पेशी बांधणं सोडतात आणि असलेलं हाड विरघळायला लागतं."

"पेशींना कसं समजते, सर?"

"ते मलाच काय, अजून कोणालाच नीट माहीत नाही," सर म्हणाले. "पण त्यांना कळतं. दाबलं, ताणलं की त्या कामाला लागतात. एवढं नक्की."

संध्याकाळच्या शटलनं मी बडनेऱ्याला पोहोचले ती जवळजवळ पळतच. खाटेशी बसून बाबांना सगळं सांगितलं. काड्या, कमानी, पेशी. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पुस्तकात लिवलं असन," ते म्हणाले. "पण पुस्तकाचा पाय नाई मोडत, पोरी."

मी चिडले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सरांकडे गेले. पुस्तक घरी नेऊ का, असं विचारायचं होतं. सर म्हणाले, "पुस्तक कशाला? खरं हाड दाखव ना. मोठ्या जनावराचं मांडीचं हाड घे आणि त्याचं टोक उभं चीर. चित्रापेक्षा छान दिसेल."

खाटकाकडून मी हाड आणलं. कोणत्या जनावराचं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मायनं ते अंगणातल्या चुलीवर सोडा घालून उकळलं आणि उकळताना सारखी बडबडत होती. "बापाले दूध पाजाचं सोडून हाडं शिजवून राहिली पोरगी. याच्यासाठी कालेजात टाकलं होतं का तुले?" हाड स्वच्छ, पांढरं निघालं. मी ते बाबांच्या खाटेवर ठेवलं आणि त्यांची लोखंड कापायची करवत, तिला ते हॅक्सा म्हणत, खुंटीवरून काढून दिली.

"हे चिरून द्या. उभं. मधोमध. मले जमत नाई."

बाबांनी हाड हातात घेऊन फिरवलं. साडेपाच महिन्यांत त्यांच्या हाती हत्यार आलं नव्हतं. त्यांनी पातं बोटानं तपासलं, ढिलं होतं ते पिळून घट्ट केलं. मग मला पाट आणायला लावला, हाड तारेनं पाटाला बांधलं, पाट मांडीवर घेतला आणि कापायला लागले. काय सुरेख हात चालायचा त्यांचा! अंगात जोर नव्हता, पण पातं जरासुद्धा वाकडं जात नव्हतं. दोन दुपारी गेल्या. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला हाडाचं टोक दोन फाकांसारखं उघडलं. बाबांनी एक फाक ओट्याच्या दगडावर घासली, पाण्यानं धुतली आणि दारातून येणाऱ्या उन्हात धरली.

मी सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हातानं मला गप्प केलं.

फाक त्यांनी उन्हात हळूहळू फिरवून पाहिली. मग करंगळीच्या नखानं एका कमानीवरून रेघ ओढत गेले.

"वजन इथून येते," ते म्हणाले. "हे गोल टोक, याच्यावर सारं धड बसते. इथून हे असं खाली उतरते, या जाड अंगाले. मंग हे तिरपे बांधे काहून? अं? हाव, बरोबर. टोक बाजूले हाय ना, तर ते वाकाले पाह्यते. याले वरतून ओढून धराले पायजे. म्हणून हे." ते जरा थांबले. "अन् ही मधातली जागा खाली सोडली. इथं वजनच येत नाई तर माल कायले लावाचा?"

पुस्तकातल्या दोन पानांत जे होतं ते बाबांनी, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं, माझ्यासमोर वाचून काढलं.

"हे बसवलं कोनं?" त्यांनी विचारलं.

"पेशींनी. हाडाच्या आत राह्यतात त्या. डोळ्याले दिसत नाईत इतक्या बारीक."

"अन् त्यायले नकाशा कोन देते?"

"नकाशा नाई, बाबा. भारच. जिकडून भार येते तिकडे त्या बांधतात. भार आलाच नाई तर बांधणं बंद. हाय तेही काढून टाकतात."

बाबांनी आपल्या काडीसारख्या पायाकडे पाहिलं. "म्हंजे चार महिने प्लास्टर अन् वरतून दीड महिना मी गोधडीवर... गँग बिनकामाची बसून राह्यली. अन् बसलेली गँग सायेब मोडून टाकते." त्यांनी फाक खाली ठेवली. "कुबड्या दे."

त्या दिवशी मात्र त्यांनी पाय टेकवला नाही. कुबड्या घेऊन अंगणात गेले आणि उभ्या उभ्या विचार करत राहिले. पुलाच्या माणसाची सवय त्यांना सोडत नव्हती. म्हणाले, दुरुस्त झालेल्या पुलावरून पहिल्याच दिवशी मालगाडी कोणी सोडत नाही. आधी एकटं इंजिन, तेही माणसाच्या चालीच्या वेगानं. मग रिकामे डबे. मग भरलेले. "माह्या पायावर किती वजन पडून राहिलं ते समजल्याबिगर मी नाई टेकवणार. अंदाजपंचे काम नाई करत मी."

आणि वजन कुठं कळेल तेही त्यांनीच शोधून काढलं. स्टेशनावरच्या पार्सल ऑफिसात जमिनीलगत लोखंडी पाट असलेला मोठा काटा होता. त्यावर संत्र्यांच्या पेट्या, विड्याच्या पानांच्या टोपल्या, कापडाच्या गासड्या तोलल्या जायच्या. दुसऱ्या दिवशी, अकराची गाडी गेल्यावर, बाबा कुबड्यांवर आणि मी सोबत, असे आम्ही तिथं गेलो. पार्सलबाबू खांडव्याकडचे, तोंडात कायम पान. बाबांनी काय हवं ते सांगितलं. बाबूंना आधी कळेना, मग ते खुर्चीवरून उठूनच आले.

"आओ भाई, आओ. सब का माल तोला, आज पहली बार टांग तोलेंगे."

काट्याच्या पाटाइतक्याच उंचीची एक रिकामी पेटी आम्ही शेजारी ठेवली. बाबांनी डावा पाय पेटीवर ठेवला, काखेत कुबड्या, आणि उजवा पाय काट्यावर नुसता टेकवला. मग डोळे मिटून जरासा भार दिला. बाबूंनी दांडीवरचं वजन सरकवलं.

"पाँच किलो."

बाबांनी डोळे उघडले. "बस, पाचच? मले तर वाटलं पन्नास."

"पाँच. काँटा झूठ नहीं बोलता."

मी बाबांचा चेहरा पाहत होते. कळ आली होती, पण ती पाच किलोची होती. तिला आकडा मिळाला आणि तिची दहशत गेली. त्या दिवशी त्यांनी वीस वेळा पाच किलो दिले. घरी येताना उजव्या पायाचा अंगठा जमिनीला लागत होता.

मग तो रोजचाच कार्यक्रम झाला. दोन दिवस पाच, दोन दिवस सात, मग दहा. मला कॉलेज असेल त्या दिवशी माय सोबत जायची, पण दारातच पाठ करून उभी राहायची. तिला बघवत नसे. हमालांना मात्र भारी मौज वाटू लागली. सामान ठेवून ते काट्याभोवती गोळा होत आणि बाबूंनी आकडा पुकारला की "बढाव, काका, बढाव!" म्हणून ओरडत. पोटरीत सुताएवढी हालचाल दिसायला लागली. चौथ्या आठवड्यात तीस किलो झाले.

आणि तिथंच बाबा चुकले. त्या दिवशी हमाल जास्तच जोरात होते. तीस झाले, कोणीतरी शिट्टी मारली, आणि बाबांनी एकदम बेचाळीस देऊन टाकले. एकदा नाही, दहा वेळा. हसत हसत घरी आले. सकाळी पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजला होता, तांबूस आणि गरम.

मायनं सूज पाहिली आणि ती माझ्यावर उलटली. तशी ती मी कधी पाहिली नव्हती. "तुह्या पुस्तकापायी तुह्या बापाचा पाय जाईन! चांगला बसला होता माणूस. पाणी पाजलं असतं, जित्ता तर राह्यला असता. काहून पाडलं त्याले याच्यात?" तिनं हाडाची ती फाक उचलून अंगणाच्या कुंपणाबाहेर फेकली. बाबा खाटेवरून सुजलेल्या पायाकडे पाहत होते. त्यांना स्वतःलाच भेव वाटत होतं, हे मला दिसलं. आणि खरं सांगायचं तर मलाही. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, दोन पानं वाचून बापाच्या पायाशी खेळले की काय?

मी कॉलेजला गेले नाही. सकाळच्या पॅसेंजरनं एकटी अकोल्याला निघाले. एकटीनं इतका लांबचा प्रवास मी त्याआधी केला नव्हता. मूर्तिजापूरनंतर तो नाला आला तेव्हा मी खिडकीकडे पाठ करून आत पाहत बसले. अकोल्याला उतरून टांगा न करता चालतच दवाखाना गाठला आणि बाकड्यावर दोन तास बसले. डॉक्टर बाहेर आले तशी उभी राहिले आणि एका दमात सगळं बोलले. काटा, पेटी, पाच, तीस, बेचाळीस, सूज.

डॉक्टरांचा तुटकपणा त्या दिवशी कुठं गेला कोण जाणे. "काट्यावर?" ते म्हणाले. "पार्सलच्या काट्यावर? थांबा, पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी विचारलं, ताप आहे का, पाय वाकडा दिसतो का, उभं राहिल्यावर जोडाच्या जागी सुईसारखी कळ येते का. तिन्हीला नाही.

"मग हाडाला काही झालेलं नाही. घाईची सूज आहे. दोन दिवस पाय उंच ठेवा आणि मग वीसपासून पुन्हा सुरू करा. पायरी पायरीनं जा, उडी नको. पेशी कामाला लागल्या तरी त्यांना बांधायला वेळ लागतो, घर काय एका दिवसात उभं राहतं?" मी निघाले तर त्यांनी मागून हाक मारली. "आणि थांबू मात्र नका. थांबलात तर सगळं केलेलं वाया जाईल. हे तुमच्या आईंना सांगा. वडिलांना तर कळलंच आहे."

घरी येऊन मी मायसमोर बसले आणि डॉक्टरांचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. ती चुलीत फुंकत होती. "थांबू नका म्हणे?" तिनं विचारलं. "हाव." "अन् उडी नाई." "नाई." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. थोड्या वेळानं कुंपणाबाहेर गेली, फाक शोधून आणली, धुऊन ताकात ठेवली. आमच्याकडे भिंतीतल्या कोनाड्याला ताक म्हणत.

तिसऱ्या दिवशी बाबांसोबत मायच निघाली. या वेळी ती दारात थांबली नाही. सरळ काट्याशी गेली, हमालांकडे वळली आणि म्हणाली, "आज वीसच. ज्यानं शिट्टी मारली त्याच्या थोबाडीत देईन." हमाल दोन पावलं मागं सरले. पार्सलबाबूंनी पान थुंकून घेतलं आणि म्हणाले, "जो हुकुम, माताजी."

त्या दिवसापासून कारभार मायच्या हाती गेला. तिला अंक वाचता येत नव्हते. ते तिनं त्या काट्यावर शिकून घेतले. आधी वीस ओळखलं, मग पंचवीस, मग तीस. दांडीवरचं वजन कुठं सरकलं ते स्वतः वाकून पाहायची आणि बाबूंच्या आधी आकडा सांगायची. बाबांनी जास्त द्यायचा प्रयत्न केला की तिच्या लगेच लक्षात यायचं. "पस्तीस सांगतले ना तुमाले! उतरा."

एका बुधवारी मी मुद्दाम कॉलेज बुडवलं. बाबांचं सगळं वजन चोपन्न किलो. आदल्या दिवशी पन्नास झाले होते. पार्सल ऑफिसात त्या दिवशी हमाल होते, तिकिटं तपासणारे दोघे होते, चहावाला होता, बाबांच्या गँगचे चौघं सुट्टी काढून आले होते. बाबांनी काखेतल्या कुबड्या काढल्या आणि मायच्या हाती दिल्या. उजवा पाय काट्यावर ठेवला. मग डावा पाय पेटीवरून उचलला. हळूच नाही, सरळ उचलला, आणि गुडघ्यात वाकवून धरला. एका पायावर, हात मोकळे सोडून, उभे राहिले. दांडी वर गेली, खाली आली, मधोमध थांबली.

"चोपन्न!" माय ओरडली. बाबूंचं तोंड उघडंच राहिलं. तिनं पुन्हा म्हटलं, "चोपन्न! पुरे चोपन्न!"

जो गलका झाला तो मालधक्क्यापर्यंत ऐकू गेला असेल. गँगवाल्यांनी बाबांना उचललं, माय त्यांच्यावर खेकसली, "खाली ठेवा त्याले, खाली, पायावर ठेवा!" आणि मग तीच पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी हसत होते, रडतही होते. बाबा काट्यावरून उतरले आणि घरापर्यंत चालत आले. लंगडत, पण कुबड्यांशिवाय. कुबड्या एका हमालानं खांद्यावर टाकून आमच्या मागून आणल्या.

उरलेले तीन आठवडे ते रोज थोडं थोडं वाढवत गेले. आधी सपाट रस्ता, मग खडी, मग स्टेशनाचा जिना, मग घराच्या भिंतीला लावलेली शिडी. तपासणीला डिव्हिजनच्या डॉक्टरांनी प्लास्टर निघालं तेव्हाचा आणि आताचा, असे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्यात जोडाभोवती धूसर ढग आणि बाकी हाड फिकं, दुसऱ्यात तीच जागा पांढरी, घट्ट, मूळ हाडापेक्षा जाड. डॉक्टरांनी बाबांना एका पायावर उभं केलं, शिडीवर चढवलं, उतरवलं. विचारलं, "काय केलंत?" बाबा म्हणाले, "काम देलं, सायेब." शिक्का बसला, पुलावर चढायला लायक.

कामावरच्या पहिल्या दिवशी ते संध्याकाळी परत आले तेव्हा हात, मान, कानाच्या पाळ्यासुद्धा गर्डरच्या लाल रंगानं माखल्या होत्या. माय म्हणाली, "आंग धुवाचं कळते का नाई? सारं घर लाल करान." एवढ्या आनंदानं तिनं कोणाला रागावलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षीच्या प्रॅक्टिकलला नागपूरचे परीक्षक आले होते. त्यांनी माझ्यासमोर हाडाचा तोच काप ठेवला, भाग ओळखायला लावले आणि मग सहज विचारलं, "हाड जिवंत असतं, भारानुसार बदलतं, असं तुम्ही म्हणता. पुरावा काय?" पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. ते मी दिलं नाही. मी पार्सल ऑफिसच्या काट्यापासून सुरुवात केली. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. पुढचे विद्यार्थी रांगेत ताटकळत होते, तरी त्यांनी मला थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "आणि बेचाळीसला सूज आल्यावर तुम्ही थांबला नाहीत?" मी म्हटलं, "दोन दिवस थांबलो, सर. मग विसावर गेलो." मागे उभे असलेले आमचे सर खिडकीबाहेर बघून हसत होते. प्रॅक्टिकलमध्ये वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला मिळाले. पुढं मी अकोल्याच्या एका शाळेत शास्त्र शिकवायला लागले.

बाबांचं मात्र चाळीत वेगळंच नाव झालं. कोणाचं प्लास्टर निघालं की बायका आधी आमच्या अंगणात यायच्या. एकदा समोरच्या क्वार्टरमधली नवी सून मनगट पदरात गुंडाळून ओट्यावर बसली होती. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या हाताचं प्लास्टर निघालं होतं आणि सासू तिला कशालाच हात लावू देत नव्हती. बाबा कामावरून येत होते. रस्त्यातच थांबले.

"काय वं बाई, हात झाकून कायले ठेवला?"

"दुखते, काका."

"दुखन ना. डाक्टर काय म्हणे?"

"हालवा म्हणे. काम करा म्हणे."

"मंग? पोळ्या कोन करते घरी?"

"आत्याबाई."

बाबांनी दाराच्या आत आवाज दिला. "अवं बाई, उद्यापासून कणीक ही भिजवन. पयल्या दिवशी ढिली, पाणी जास्त घाला. चार दिवसांनी जरा घट्ट. पुरीची घट्ट कणीक महिन्याभरानं, त्याच्या आदी नाई." मग सुनेकडे वळून म्हणाले, "अन् उडी नको मारू. मी मारली होती."

सासू आतून बाहेर आली, काही म्हणणार होती, पण बाबा पुढं निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरातून परातीचा आवाज आला. माय कान देऊन ऐकत होती. "ढिलीच हाय," ती म्हणाली, "बरोबर करून राहिली."